उकाळ्याची चतुःसीमा

माझ्या पत्नीच्या माहेरी, धारला, एका लहानशा राममंदिराची पूजा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. धुंधुरमासात तेथे सूर्योदयापूर्वी देवाला उकाळ्याचा नैवेद्य दाखवतात. चहाची पूड त्यात नसते. तुळस, सुंठ, मिरी, लवंग, दालचिनी, ज्येष्ठमध, गवती चहाची पाती आणि गूळ, एवढेच. करणाऱ्याने तो चाखायचा नाही. त्याची वाफही नाकात जाऊ द्यायची नाही. पहिला वास देवाचा. म्हणून नाकातोंडावर पदराची घडी बांधून तो करतात, आणि उतरला की नाही हे रंगावरून व पातेल्याच्या आवाजावरून ओळखतात. नैवेद्य झाला की पहिले फुलपात्र करणाऱ्याच्या हाती देतात. त्याने एक घोट घ्यायचा आणि म्हणायचे, ‘गोड झालं.’ हे दोन शब्द कानी पडल्याशिवाय दुसरे कोणी ओठ लावत नाही.

सासूबाईंच्या मागे हा मान माझ्या पत्नीकडे आला. धुंधुरमासातले इतर दिवस तिची भावजय सांभाळते. एकादशीचा दिवस हिचा. आम्ही राहतो त्या देवासहून त्यासाठी ती दरवर्षी जाते. मी सोबत जातो, एका खांबाला टेकून उभा राहतो, उकाळा पितो आणि परत येतो.

आमच्या देवासच्या घरीही तीच शिस्त. सकाळचा उकाळा आधी देवघरात, मग आम्हां दोघांना. स्वयंपाकघरात चमच्याने चव पाहण्याची पद्धत आमच्याकडे नाही. तिचा हात डब्यात जातो आणि जेवढे हवे तेवढे घेऊन बाहेर येतो. हाताला जे ठाऊक आहे ते जिभेला विचारावे लागत नाही.

गेल्या आश्विनात तिला ताप आला. काही दिवसांनी उतरला. ती उठली, कामाला लागली. उकाळा होता तसाच होता. भाजी होती तशीच होती. मला वेगळे काही आढळले नाही, आणि आढळण्यासारखे काही नव्हतेही.

मग दिवाळीनंतर हैदराबादेहून मुलीने एक खोका पाठवला. आत निरनिराळ्या चहांची पाकिटे होती. एक झोपेसाठी, एक पचनासाठी, एक मनःशांतीसाठी. मनःशांती पाकिटात मिळते हे मला नवीन होते. संध्याकाळी मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

‘आई, ते जांभळं पाकीट बघ ना. आधी नुसता वास घे. एकदम रिलॅक्स वाटतं.’

पत्नीने पाकीट नाकाशी धरले, डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

‘वा! काय सुरेख आहे गं.’

‘आहे ना? मी तर रोज घेते. बाबांना पण दे. त्यांचा राग कमी होईल.’

‘त्यांना राग कुठे येतो? ते बोलतच नाहीत.’

दोघी हसल्या. मी समोर बसलो होतो. पाकीट जाड, चकचकीत जांभळ्या कागदाचे होते आणि चारही कडांनी बंद होते.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, ‘पाकीट उघडलेलं नाही.’

तिने ते उलटसुलट करून पाहिले. मग मांडीवर ठेवले.

‘कधीपासून?’

‘ताप उतरल्यापासून.’

‘काहीच येत नाही?’

‘गोड कळतं. कडू कळतं. मिरी टोचते, पुदिना गार लागतो. बाकी सगळं गरम पाणी.’ तिने पाकीट बाजूला ठेवले. ‘तुळशीपाशी उभी राहिले की वाटतं, कागदाची आहे.’

आमच्या घरच्या शिस्तीने तिचा आजार झाकून ठेवला होता. करताना चव पाहायची असती, तर ती पहिल्याच दिवशी अडली असती. जी बाई जन्मभर न हुंगता, न चाखता रांधत आली, तिचे नाक गेल्याचे तिच्या हाताला कळण्याचे कारण नव्हते.

इंदूरला जाऊन डॉक्टरांना दाखवले. ते म्हणाले, तापाने वासाची नस दुखावली आहे. रोज ओळखीचे वास घेत राहा, कशाचा आहे ते मनात आणत राहा. कदाचित परत येईल. केव्हा, ते सांगता येत नाही. परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर पाहत होती. शेते निघून जात होती. हरभरा हाताएवढा झाला होता.

‘धुंधुरमास जवळ आला,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘उकाळा मी करीन. तो हाताचा आहे. पण घोट घेऊन काय म्हणू?’

‘नेहमीचं म्हण. कोणाला कळणार आहे?’

तिने माझ्याकडे पाहिले. ‘ज्याच्याआधी मी वाफसुद्धा घेत नाही, त्याच्यासमोर उभी राहून खोटं बोलू?’

माझी नोकरी जमीन मोजण्यात गेली. चालून न पाहिलेल्या शेताच्या नकाशावर मी कधी सही केली नाही. त्यापायी वरिष्ठांशी बिनसले, बदल्या झाल्या. तिने त्या बदल्यांतली बिऱ्हाडे बांधली आणि सोडली. तेव्हा ‘कोणाला कळणार आहे’ हे वाक्य तिला सांगण्याचा मला अधिकार नव्हता.

‘मग भावजयीला सांग. ती करील.’

‘करील. चांगला करील. पण एकदा हातातून सुटलं की सुटलं. आईनं ते मला दिलं होतं.’

एवढेच बोलणे झाले. वास परत आला पाहिजे होता, आणि एकादशीच्या आत आला पाहिजे होता.

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो. पसाऱ्याचे, म्हणजे मसाले-काष्ठौषधी विकणाऱ्याचे, दुकान जुने आहे. पोत्यांच्या तोंडाशी उभे राहिले की डोळे न उघडताही कोठे काय आहे ते सांगता येते. मी ज्येष्ठमध मागितले. पुढच्या दिवशी दालचिनी. मग बडीशेप, मग वाळलेल्या गुलाबपाकळ्या.

‘बाबूजी,’ पसारी एक दिवस म्हणाला, ‘रोज एक पुड़ी ले जा रिये हो. भाभीजी की दवाई है कि सामने दुकान खोल रिये हो मेरे?’

‘बाबूना आहे का?’

‘है. पर बताओ तो सही, काय के लिए?’

‘चहा.’

तो शेजारच्या दुकानदाराकडे वळला. ‘देख लो भिया. बाबूजी से दो शब्द निकलवाना, मतलब गर्मी में बोरिंग से पानी निकालना.’

मी बाबून्याच्या वाळक्या फुलांची पुडी घेतली आणि निघालो.

दुपार कलली की आम्ही मागच्या ओट्यावर बसू. तेथून देवीची टेकडी दिसते. हिवाळ्यात त्या वेळी ऊन पिवळे आणि पातळ होते, आणि टेकडीवरच्या घंटेचा आवाज कोठून आला हे कळण्याआधीच विरून जातो. रोज एकच वस्तू पाण्यात उकळायची, गाळायची, दोन फुलपात्रे भरायची. आधी तिने वाफ घ्यायची. मग घोट. पहिल्या दिवशी ज्येष्ठमध होते. तिने घोट घेतला आणि मान हलवली. काही नाही, नुसती गोडी. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

‘सांगा.’

‘काय?’

‘कसा आहे.’

‘बरा.’

‘बरा हा काही स्वाद नव्हे हो. आजवर मला तेवढं पुरलं, कारण जीभ माझी मला होती. आता नाही. डॉक्टर म्हणाले ना, मनात आणा? मग कोणी तरी सांगितल्याशिवाय मनात कसं येईल?’

मी पुन्हा घोट घेतला. चव कशी सांगतात ते मला ठाऊक नव्हते. जमीन कशी सांगतात ते ठाऊक होते. दस्तऐवजात शेताचे वर्णन त्याच्या चार बाजूंनी करतात. त्याला चतुःसीमा म्हणतात. शेत कसे आहे हे कोणी लिहीत नाही. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, एवढे लिहिले की शेत आपोआप मध्ये उभे राहते.

‘पूर्वेस गोडी,’ मी म्हणालो. ‘ती आधी येत नाही. घोट गिळल्यावर येते आणि मग हलत नाही. पश्चिमेस लाकूड. नवं नव्हे, जुन्या कपाटाच्या आतलं. उत्तरेस किंचित कडवटपणा, बारीक बांधासारखा. दक्षिणेस मोकळी जागा.’

ती ऐकत राहिली. मग पदर तोंडाला लावून हसू लागली.

‘अगंबाई! चहाची मोजणी केलीत!’

‘तूच म्हणालीस, सांगा.’

‘सांगा ना. थांबलात कशाला? मोकळ्या जागेत काय आहे?’

‘काही नाही. वारा.’

ती डोळे मिटून बसली. फुलपात्रातली वाफ तिच्या चेहऱ्यावरून वर जात होती, तिच्या केसांपाशी रेंगाळत होती. ‘वारा,’ ती स्वतःशीच म्हणाली.

त्यानंतरच्या दुपारी आता मला निरनिराळ्या आठवत नाहीत. एकाच लांब दुपारीसारख्या वाटतात. ऊन तेच, घंटा तीच. केवळ पातेल्यातला रंग बदलत होता. जास्वंदीचा तांबडा. बडीशेपेचा फिकट, जवळजवळ पाण्याचा. दालचिनीचा तपकिरी, ज्यात ओट्याची फरशी बुडालेली दिसे. मुलीने पाठवलेले जांभळे पाकीट आम्ही उघडले. त्याच्या पूर्वेस साबण होता, आणि हे ऐकून ती मुलीला फोन करायला निघाली होती. पसाऱ्याकडचा बाबूना चांगला निघाला. त्याच्या चारही बाजूंना सुकलेले गवत होते, आणि मध्ये, उन्हात झोपलेले एखादे घर असावे तशी ऊब.

पुदिन्याच्या दिवशी मी अमझेऱ्यास गेलो. म्हणजे ओट्यावरच होतो. तरुणपणी तेथे मोजणीस असताना एका विहिरीच्या पाटाकाठी पुदिना माजलेला होता. जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, त्यातून ओढत नेली की ओली होऊन येई आणि दिवसभर हाताला तो वास राही. पूर्वेस पाट, पश्चिमेस देवळाची भिंत, उत्तरेस चिंच. मी घोट घेत होतो आणि साखळी ओढत होतो.

‘थांबा,’ ती एकदम म्हणाली.

मी थांबलो. तिच्या नाकपुड्या हलल्या.

‘आला?’

‘नाही.’ तिने डोळे उघडले. ‘हाताला वास घेऊन तुम्ही घरी यायचात, ते आठवलं. आठवण आली. वास नाही.’

शेवटी गवती चहा केला. आमच्या मागच्या कुंडीतलीच पाती. इकडे तिला ‘हरी चाय’ म्हणतात. मी फुलपात्र तोंडाशी नेले आणि निसरपूर आले. नर्मदेकाठची ती गावे धरणाच्या पाण्याखाली जायची होती, त्याआधीच्या मोजणीत मी होतो. एका सकाळी धुके इतके दाट होते की साखळीचे दुसरे टोक दिसत नव्हते. पलीकडून नुसता आवाज येई. तेव्हा एका घरी पातीचा चहा दिला होता. त्या घराच्या दारात उभे राहून आम्ही तो प्यालो. मालकाने विचारले नाही की आपण काय मोजता आहात. त्याला ठाऊक होते.

‘पूर्वेस लिंबाची साल,’ मी म्हणालो. ‘पण आंबट नाही. उत्तरेस ओलं गवत. पश्चिमेस चुलीचा धूर. तो ह्या चहात नाही, त्या चहात होता. दक्षिणेस नदी.’

‘ते घर आता?’

‘पाण्यात.’

‘शेत?’

‘तेही. दक्षिणेस नदी होती. आता चारही बाजूंस आहे.’

‘पण तुम्हाला त्याची चतुःसीमा पाठ आहे.’

‘आहे.’

‘म्हणजे नसलेल्याची सांगता येते.’

‘आधी मोजलेलं असेल तर.’

ती फुलपात्र दोन्ही हातांत धरून बसली. चहा निवला. तिला वास आला नाही. पण त्या दिवशी उठताना ती म्हणाली, ‘धारला तुम्ही ह्या वर्षी खांबापाशी उभे राहू नका. माझ्याजवळ राहा.’

दशमीला आम्ही धारला पोहोचलो. पहाटे उठलो तेव्हा देवळापुढचा तलाव नव्हता. त्याच्या जागी धुके होते, आणि देवळाची पणती त्यात तरंगत असल्यासारखी दिसत होती. मेहुणे सोवळे नेसून कुडकुडत होते. त्यांची पत्नी पातेले घासूनपुसून, चूल पेटवून बसली होती.

‘वन्सं, पाती तोडून ठेवली आहे. लवंग कालच नवी आणली. बघा बाई, किती टपोरी आहे.’

पत्नीने पदराची घडी घातली आणि नाकातोंडावर बांधली.

‘आता कशाला बांधतेस?’ मी हळूच विचारले.

‘मला वास येत नाही म्हणून देवाचा नियम सैल होतो का?’

ती चुलीपाशी बसली. हात डब्यांत जाऊ लागला. पाणी आधी गुणगुणले, मग बोलू लागले, मग त्याचा आवाज खाली बसला, आणि नेमक्या त्या क्षणी तिने पातेले उतरवले. मी इतकी वर्षे खांबाला टेकून हे पाहत आलो होतो. ह्या वर्षी तिच्या खांद्यामागून पाहिले.

नैवेद्य झाला. घंटा वाजली. नेहमीची आठदहा माणसे होती, शालीत गुरफटलेली, हातात फुलपात्रे घेऊन. मेहुण्यांनी पहिले फुलपात्र भरून बहिणीला दिले. तिने पदर सोडला. घोट घेतला. वाफ तिच्या चेहऱ्यावर आली आणि गेली.

ते दोन शब्द आले नाहीत.

‘ताई, लवकर गं,’ मेहुणे म्हणाले. ‘देवाची थंडी गेली, आमची राहिली.’

तिने फुलपात्र खाली घेतले.

‘मला आश्विनापासून वास येत नाही,’ ती म्हणाली. आवाज स्थिर होता. ‘उकाळा मी केला आहे. पण गोड झाला की नाही, मला ठाऊक नाही. हे सांगतील.’

आणि फुलपात्र माझ्या हाती दिले.

‘वन्सं!’ भावजयीने तोंडावर हात नेला. ‘आणि बोलला नाहीत?’

‘दाजी सांगणार?’ मेहुणे म्हणाले. त्यांचा आवाज चाचरला होता, आणि तो सावरण्यासाठीच ते थट्टा करीत होते. ‘मग झालं. दुपारपर्यंत असंच उभं राहू.’

शालींमध्ये कोणीतरी हसले. मी घोट घेतला. पुन्हा घेतला. जमीन एकदा चालून सही करीत नाहीत.

‘पूर्वेस सुंठ,’ मी म्हणालो. ‘जागेवर आहे. दक्षिणेस तुळस आणि पाती. त्या दोघींमधला बांध दिसत नाही, दिसूही नये. पश्चिमेस गूळ. त्याच्याकडे उतार आहे, सगळं पाणी शेवटी तिकडे जातं. उत्तरेस मिरी.’ पत्नी डोळे मिटून ऐकत होती. ‘लवंग हद्दीबाहेर आली आहे. मिरीच्या शेतात शिरली आहे.’

त्या देवळात उकाळ्याविषयी त्या दोन शब्दांखेरीज कोणी काही बोलल्याचे मला ठाऊक नाही. भावजय माझ्याकडे पाहू लागली. मी पत्नीकडे पाहिले. तिच्या कपाळावरच्या आठ्या, ज्या आश्विनापासून होत्या, त्या गेल्या होत्या.

‘फार?’ तिने विचारले.

‘वीतभर.’

‘लवंग टपोरी होती. मी दरवर्षीच्या चिमटीनं टाकली.’

‘पुढच्या वेळी कमी टाक.’

‘बाकी हद्दी जुळतात?’

‘जुळतात.’

तिने फुलपात्र माझ्या हातून घेतले आणि देवाकडे वळली. ‘लवंग पुढे आली,’ ती म्हणाली, ‘तरी गोड झालं.’

सगळ्यांनी ओठ लावले. काही वेळ फक्त फुंकरांचा आवाज होता. मग मेहुणे म्हणाले, ‘अरे, खरंच, लवंग लागतेय!’

‘दरवर्षीच काही ना काही लागत असेल,’ त्यांची पत्नी म्हणाली. ‘आजवर सांगितलं कोणी?’

बाहेर धुके उठू लागले होते. तलावाचा एक काठ दिसू लागला, मग दुसरा.

ही गोष्ट घडून महिने लोटले. तिला वास अजून आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, आशा आहे. ती त्याविषयी पूर्वीसारखे विचारत नाही. पुढच्या एकादशीला कोणती लवंग घ्यायची, त्याचे तिचे आणि भावजयीचे फोनवर बोलणे होत असते, आणि त्यात माझे मत मागवले जाते. पसाऱ्याकडे मी अजून जातो. मी दिसलो की तो शेजाऱ्याला खूण करतो.

काल दुपारी ओट्यावर बसलो होतो. तिने काही तरी नवे उकळले होते; काय, ते सांगितले नाही. ऊन टेकडीवरून उतरत होते. मी घोट घेतला. तो चांगला होता, आणि मला झोप येत होती.

‘बरा,’ मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली.

‘पूर्वेस,’ मी म्हणालो, आणि पुन्हा घोट घेतला.